दुधावाचून रुची : चोचला कोणाचा, गरज कोणाची?

पुरोगामी चळवळीत अन्नाच्या चवीविषयी बोलणे हा एक प्रकारचा शिष्टाचारभंग समजला जातो. भुकेविषयी बोलावे, रेशनविषयी बोलावे, भाववाढीविषयी तर अवश्य बोलावे. परंतु दूध सोडावे लागल्यावर जेवणातला आनंद कसा टिकवावा, असा प्रश्न कोणी काढलाच, तर ‘भरल्या पोटाचे चोचले’ असा शेरा मारून कार्यकर्ते पुढच्या विषयाकडे वळतात. हा शेरा वरवर पाहता समाजवादी वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. चव ही धनिकांची मिरासदारी आहे आणि श्रमिकाने केवळ उष्मांक मोजावेत, हे गृहीत त्यात दडलेले आहे. ते गृहीत मालकाला शोभेल. समाजवादी कार्यकर्त्याला शोभत नाही.

मुळात दूध सोडणारे सगळेच ते हौसेने सोडतात असे नाही. दुधातील लॅक्टोज ही साखर पचविणारे लॅक्टेज नावाचे विकर लहान आतड्यात असते. बालपण सरले की बहुतेक माणसांत ते कमी होऊ लागते, आणि न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबून गुबारा, कळा, जुलाब यांचा ससेमिरा मागे लावते. जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांची ही पचनशक्ती कमी झालेली असते. भारतात वायव्येकडील पशुपालक समाजांत ती अधिक टिकलेली दिसते, दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी. म्हणजे ज्याला व्याधी म्हणून हिणवले जाते तो बहुसंख्य मानवजातीचा शरीरस्वभाव आहे. यांतील अनेकांना कपभर चहातले दूध किंवा वाटीभर दही बाधत नाही, हेही खरे. परंतु ज्यांना दुधातील प्रथिनांचीच ॲलर्जी आहे त्यांना एवढीही सवलत नाही. शिवाय जनावरांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीमुळे सदसद्विवेकाने दूध सोडणारेही आहेत. अशा माणसाला दवाखान्यात ‘दूध बंद’ एवढे दोन शब्द लिहून मिळतात. पुढे काय खावे आणि ते आवडीने कसे खावे, याचे उत्तर द्यायला मग बाजार सज्ज असतोच.

बाजाराचे उत्तर मोठे देखणे आहे. बदामाच्या, ओटच्या पेयाचे पुठ्ठ्याचे खोके, वर परदेशी कुरणाचे चित्र, आणि लिटरला अडीचशे-तीनशे रुपये किंमत. या खोक्यात बदामाचा अंश शेकडा काही टक्केच असतो. उरलेले बहुतांशी पाणी. कॅलिफोर्नियाच्या बदामाचे भारत हे आज सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक आहे. वास्तविक शेंगदाण्यात बदामाहून प्रथिने कमी नाहीत, उलट थोडी जास्तच आहेत. पण शेंगदाणा जत-आटपाडीच्या कोरडवाहू रानात पिकतो. त्याला प्रतिष्ठा कोठून असणार?

२०२१ साली या प्रश्नावर देशात एक जाहीर भांडण झाले. ‘पेटा’ या प्राणिहक्कवादी संघटनेने अमूलला सल्ला दिला की, त्यांनी वनस्पतिजन्य दुधाच्या उत्पादनाकडे वळावे. अमूलच्या व्यवस्थापकीय संचालकांनी उलट विचारले की, १० कोटी दुग्धोत्पादकांचे, ज्यांतील ७० टक्के भूमिहीन आहेत, त्यांचे काय करणार? त्याच वर्षी सप्टेंबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना फर्मान काढले : वनस्पतिजन्य पेयांना ‘दूध’ म्हणून विकू नका. नारळाचे दूध आणि शेंगदाण्याचे लोणी यांना मात्र रूढीने चालत आलेली नावे म्हणून सूट मिळाली. एकीकडे भूतदया, दुसरीकडे भूमिहीनांचा कळवळा. आणि दोन्ही बाजूंना प्रश्न एकच, खोक्यावर नाव कोणते छापावे!

या वादात समाजवाद्यांनी दोघांच्याही मागे जाण्याचे कारण नाही. सल्ला देणाऱ्यांना एवढे कळू नये की, गोठ्यातल्या दोन जनावरांवर घर चालविणारी बाई उद्या सकाळी बदामाचा कारखाना काढू शकत नाही? आणि भूमिहीनांचा आकडा पुढे करणाऱ्यांना विचारले पाहिजे की, त्या भूमिहीनाच्या कपात दूध किती पडते? ‘ऑपरेशन फ्लड’ १९७० साली सुरू झाले आणि १९९६ पर्यंत चालले. देशाचे दुधाचे उत्पादन त्यातून वाढले, उत्पादकांच्या सहकारी संघांना बळ आले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु खेड्यातले दूध शहराकडे नेणारी ती वाहिनी होती. सकाळी डेअरीवर किटली रिकामी करून घरी कोरा चहा पिणारी कुटुंबे महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात सापडतील. १ जून २०१७ रोजी पुणतांब्याहून सुरू झालेल्या शेतकरी संपात आणि पुन्हा जुलै २०१८च्या आंदोलनात उत्पादकांनी आपले दूध रस्त्यावर ओतले, ते काही कोणी शहरी माणूस सोयाबीनचे दूध पीत होता म्हणून नव्हे. दूध न पचणाऱ्याने पर्याय शोधल्याने उत्पादकाचे पोट मारले जात नाही. ते मारले जाते भुकटीच्या भावात, पेंडीच्या दरात आणि फॅट-एसएनएफच्या यंत्रावर.

आता पर्यायाच्या गुणाकडे वळावे. येथे पहिली चूक होते ती नकलेची. दुधासारखे पांढरे दिसावे, तुपासारखे रवाळ व्हावे, पनीरसारखे चौकोनी कापले जावे, असा अट्टाहास धरला की पर्याय नेहमीच दुय्यम ठरतो. या देशाने नकलेचा एक मोठा धडा घेतलेला आहे. १९३७ साली डालडा बाजारात आला; गरिबाचे तूप म्हणून त्याने अर्धशतक राज्य केले. त्या घट्ट केलेल्या तेलातील ट्रान्स फॅट हृदयाला घातक आहे हे कळून चुकल्यावरही त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा येण्यास जानेवारी २०२२ उजाडावा लागला. गरिबाला तुपाचा भास विकला गेला आणि त्याची किंमत त्याच्या रक्तवाहिन्यांनी मोजली.

याउलट कोकणाकडे व गोव्याकडे पाहावे. तेथे नारळाच्या रसाने कधी दुधाची नक्कल केलीच नाही. तो आपल्या हक्काने पानात आला. खवलेले खोबरे कोमट पाण्यात वाटून पिळले की प्रथम दाट रस निघतो, मग पातळ. पातळ रसात पदार्थ शिजवायचा आणि दाट रस अगदी शेवटी, आच मंद करून घालायचा. खळखळून उकळला की तो फुटतो. एवढी एक खूण सांभाळली की शिरवाळ्यांबरोबर गूळ-वेलचीचा रस, जाळीदार खापरोळी, हरभऱ्याची डाळ व साबुदाणा घालून केलेले गोव्याचे मणगणे, गूळ आणि तांदळाच्या पिठाचा तासन्‌तास घोटलेला दोदोल ही सारी पक्वान्ने थेंबभर दुधावाचून होतात. देशावर जे शिकरण दुधात होते तेच सारस्वतांच्या घरी नारळाच्या रसात केळ्याचे रसायन होते, आणि दोन्ही चाखलेला माणूस रसायनाला कमी लेखील असे वाटत नाही. ताकाची जागा सोलकढी घेते. खरे तर ‘घेते’ हा शब्दही चुकीचा. ती जागा तिचीच आहे.

घाटावर नारळ महाग, पण तेथे दाणे, तीळ, कारळे, जवस आहेत. दह्याची कोशिंबीर हवी असणाऱ्याने दाण्याचे कूट, लिंबू आणि हिंग-मिरचीची फोडणी घालून ती करावी. पुष्कळ घरांत ती तशीच होते. वरणभातावर तूप नसेल तर लिंबू पिळून वर मेतकूट आणि चमचाभर कच्चे तेल घ्यावे. सोलापूर-मराठवाड्याकडे भाकरी व कारळ्याच्या चटणीवर कच्च्या करडईच्या तेलाची धार घेतात. त्या तेलाचा उग्र गोडसर वास ज्याला एकदा आवडला त्याला तुपाची आठवण होत नाही. पुरणपोळीसोबत दुधाऐवजी गुळवणी, हिवाळ्यात हुलग्याचे माडगे, भुकेला दाण्याची आमटी. पनीर तर मराठी स्वयंपाकात परवाचा पाहुणा. त्याच्या जागी टोफू शोधत दुकाने पालथी घालण्यापेक्षा पाटवडीचा झणझणीत रस्सा काय वाईट?

दुधातुपावाचून स्वयंपाक हा या राज्यातील फार मोठ्या समाजाचा नित्यक्रम राहिला आहे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ सालचे पुस्तक मराठवाड्यातील दलितांच्या चुलीची नोंद करते. ‘पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्यांच्या पाककृतींत जी चूल कधी डोकावलीच नाही, ती ही. मात्र येथे सावध राहिले पाहिजे. वंचनेला परंपरा म्हणून मिरविणे हा एक नवा भद्र छंद झाला आहे. ज्यांना दूध हवे असून मिळाले नाही त्यांच्या अभावाचे गोडवे गाणे निराळे, आणि त्या अभावातही त्यांनी जी रुची निर्माण केली तिचे ज्ञान मान्य करणे निराळे. ज्ञान उचलायचे आणि ज्यांचे ते आहे त्यांना विसरायचे, ही तर बाजाराची जुनी रीत. नाचणी शेतकऱ्याच्या घरी होती तोवर हलके धान्य होती. चकचकीत पाकिटात शिरताच ती ‘सुपरफूड’ झाली.

दह्याची तहान मात्र सोलकढीने भागत नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे. त्यावर शेंगदाण्याचे दही हा घरगुती उपाय आहे. दाणे रात्रभर भिजवून, साले काढून, बारीक वाटून गाळावेत. ते दूध उकळून कोमट झाले की त्यात हिरव्या मिरचीची देठे टाकून झाकून ठेवावे. पहिले दही जरा विसविशीत लागते. त्याचेच विरजण लावून केलेले दुसरे चांगले लागते, आणि हिंग-मेथीच्या फोडणीची कढी केली की दाण्याचा वास जाणवतही नाही. दाणे खवट वा बुरशी आलेले नकोत. ती बुरशी यकृताची वैरी आहे. सोयाबीनच्या दुधाचा कच्चट वास अनेकांना सोसत नाही. भिजवलेले सोयाबीन थंड पाण्याऐवजी उकळत्या पाण्यात वाटले तर तो वास उत्पन्न करणारे विकर तेथेच मरते. चहाला मात्र यांतले काहीच पुरतेपणी मानवत नाही. काजूच्या तुकड्यांचे दूध त्यातल्या त्यात जवळ जाते. अन्यथा आले, गवती चहा आणि गूळ घातलेला कोरा चहा बरा.

रुचीबरोबर पोषणाचा हिशेबही चोख हवा, नाहीतर भाबडेपणा होईल. नारळाच्या रसात प्रथिने जेमतेम असतात. चुन्याची गरज १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देणारी नाचणी आणि त्याहून कितीतरी संपन्न असे न सोललेले तीळ भागवू शकतात. गायीच्या दुधात ते १०० मिलिलिटरला सुमारे १२० मिलिग्रॅम असते. पण बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. मांस-मासे-अंडी न खाणाऱ्याने दूधही सोडले तर ते गोळीच्या रूपाने घ्यावेच लागते. आणि तान्ह्या मुलाला यांतले कोणतेही ‘दूध’ आईच्या दुधाऐवजी पाजणे हा गुन्हा समजावा.

पर्यायाचा हा प्रश्न काही कालपरवाचा नाही. गांधीजींनी १९१२ साली टॉल्स्टॉय फार्मवर कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. १९१८च्या मोठ्या दुखण्यानंतर कस्तुरबांच्या सुचवण्यावरून त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि प्रतिज्ञेचा शब्द राखला तरी आत्मा राखला नाही ही बोच त्यांना अखेरपर्यंत राहिली. आत्मकथेतही, आणि १९४२ साली आगाखान पॅलेसच्या बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तिकेतही, दुधाला वनस्पतिजन्य पर्याय सापडावा ही त्यांची आस दिसते. स्वातंत्र्यानंतर १९५० साली म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था निघाली. तेथे शेंगदाण्याच्या प्रथिनांवर सार्वजनिक पैशाने काम झाले. डेअरीच्या दुधात ती प्रथिने मिसळून केलेले ‘मिल्टोन’ तेथलेच. ज्ञान होते, दाणे होते, भुकेली मुले होती. जे सार्वजनिक क्षेत्राने अर्ध्यावर सोडले ते आज खाजगी कंपन्या चौपट भावाने विकत आहेत.

सरकारची दृष्टीही यात उघडी पडली. साधे दूध करमुक्त, सोयाबीनच्या दुधावर १२ टक्के आणि इतर वनस्पतिजन्य पेयांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, अशी व्यवस्था वर्षानुवर्षे होती. ज्याचे पोट दूध स्वीकारीत नाही त्याने त्या पोटाबद्दल दंड भरावा, असाच त्याचा अर्थ. २२ सप्टेंबर २०२५ पासून हे दर पाच टक्क्यांवर आले, हे ठीकच झाले. पण त्याच दिवशी खोक्यातले टिकाऊ दूध शून्यावर गेले. आणि पाच टक्क्यांच्या सवलतीने तीनशेचे खोके रोजंदारीवरच्या माणसाच्या आवाक्यात येत नाही.

तेव्हा मागणी करायची ती खोके स्वस्त करण्याची नव्हे. शेंगदाणा, तीळ व नाचणी रास्त भावाच्या दुकानातून मिळावीत. शासकीय रुग्णालयातील आहारतज्ज्ञाने ‘दूध बंद’ लिहिताना पर्यायी पदार्थ कृतीसह लिहून द्यावेत. अंगणवाडीत आणि शाळेत ज्या मुलाला दूध सोसत नाही त्याच्यासाठी गुळातली नाचणी वेगळी शिजावी. दाण्याचे दूध-दही करणाऱ्या बचत गटांना म्हैसूरचे तंत्र आणि शीतपेटी मिळावी. यांतल्या कोणत्याही कलमाने दूध उत्पादकाच्या रास्त दराच्या लढ्याला बाध येत नाही. दोन्ही मोर्चे एकाच तहसील कचेरीवर जाऊ शकतात.

तोवर शिबिरांच्या भटारखान्यापासून आरंभ करायला हरकत नसावी. तेथे दुधाच्या चहाचे एकच पातेले चुलीवर असते, आणि तो न सोसणारे कार्यकर्ते संकोचाने पाणी पिऊन उठतात. शेजारी आले-गुळाच्या कोऱ्या चहाचे दुसरे पातेले ठेवायला ना निधी लागतो, ना कार्यकारिणीचा ठराव.