1217 विजयांपैकी मोजायचे कोणते?

20 नोव्हेंबर 2024 रोजी कनेक्टिकट विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाने फेअरली डिकिन्सन विद्यापीठाचा 85-41 असा पराभव केला. सामना म्हणून त्यात सांगण्यासारखे फारसे नव्हते. मात्र या विजयाने प्रशिक्षक जेनो ऑरिएमा यांच्या खात्यावर 1217 विजय जमा झाले आणि स्टॅनफर्डच्या टॅरा व्हॅनडर्व्हीर यांचा 1216 विजयांचा विक्रम मागे पडला. अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये, पुरुषांच्या वा महिलांच्या, इतके विजय तोवर कोणत्याही प्रशिक्षकाला मिळालेले नव्हते. ऑरिएमा आणि 1985 पासून त्यांच्या जोडीला असलेल्या सहायक प्रशिक्षक ख्रिस डेली यांचा तो 40 वा हंगाम. जुन्या खेळाडूंनी त्या रात्री विद्यापीठाच्या गॅम्पल क्रीडागृहात गर्दी केली होती.

सत्काराला निमित्त म्हणून असे आकडे सोयीचे असतात. परंतु ‘यूकॉन’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघाचा इतिहास आकड्यांच्या टप्प्यांवरून समजत नाही. या संघाचे खरे मैलाचे दगड आहेत ते समोरचा प्रतिस्पर्धी हरवू शकत असताना मिळवलेले विजय. असे विजय मोजकेच आहेत, आणि विक्रमी विजयमालिकांमध्ये तर ते आणखीच विरळ सापडतात.

सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा 1972 मध्ये झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1974-75 च्या हंगामात यूकॉनचा महिला संघ उभा राहिला. पहिल्या दशकात या संघाला पराभवांपेक्षा विजय अधिक असा एकच हंगाम लाभला. इटलीत जन्मलेले आणि वयाच्या सातव्या वर्षी पेनसिल्व्हेनियात आलेले ऑरिएमा 1985 मध्ये रुजू झाले, तेव्हा संघ गळक्या छपराच्या जुन्या क्रीडागृहात खेळत होता. त्यांच्या पहिल्या हंगामात 12 विजय आणि 15 पराभव पदरी पडले. त्यांच्या कारकिर्दीतील पराभवांची संख्या अधिक असलेला तो एकमेव हंगाम. 1991 मध्ये संघ प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या चार संघांत पोहोचला.

खरी कलाटणी मिळाली ती 16 जानेवारी 1995 रोजी. मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या सुट्टीच्या दिवशी दूरचित्रवाणीवर महिलांचा एक मोठा सामना दाखवावा, असे ‘ईएसपीएन’ या क्रीडावाहिनीने ठरवले होते. त्यासाठी टेनेसीच्या प्रशिक्षक पॅट समिट यांना विचारणा झाली. टेनेसी त्या काळी महिला बास्केटबॉलची अनभिषिक्त सम्राज्ञी होती. तीन राष्ट्रीय विजेतेपदे समिट यांच्या गाठीशी होती. ऐन हंगामात, तेही प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जाऊन असा सामना खेळण्यात त्यांना स्वतःला मिळवण्यासारखे काही नव्हते. तरीही खेळाच्या भल्यासाठी त्यांनी होकार दिला. दोन्ही संघ तोवर अपराजित होते आणि क्रमवारीत टेनेसी पहिल्या, तर यूकॉन दुसऱ्या स्थानावर होता. या दोन संघांचा तो पहिलाच सामना यूकॉनने 77-66 असा जिंकला आणि इतिहासात प्रथमच क्रमवारीत अग्रस्थान पटकावले.

त्याच वर्षी 2 एप्रिलला मिनियापोलिस येथे राष्ट्रीय अंतिम सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. यूकॉनची आघाडीची खेळाडू रेबेका लोबो पूर्वार्धातच फाउलच्या कचाट्यात सापडली आणि मध्यंतराला टेनेसी 38-32 असा पुढे होता. उत्तरार्धात लोबो परतली, यूकॉनने 70-64 अशी बाजी मारली आणि 35-0 अशा निष्कलंक कामगिरीसह पहिले विजेतेपद मिळवले. लोबो पुढच्याच वर्षी अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात होती आणि 1997 मध्ये सुरू झालेल्या ‘डब्ल्यूएनबीए’ या व्यावसायिक स्पर्धेचा ती एक चेहरा ठरली. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांचे निकाल चार ओळींत आटोपतात. एका विद्यापीठाच्या विजयाने व्यावसायिक स्पर्धेसाठी वातावरण तयार व्हावे, हे म्हणूनच आपल्याला नवलाचे वाटेल. यूकॉनच्या या यशात समिट यांचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही. त्यांनीही पुढची तीन वर्षे विजेतेपद टेनेसीकडे नेऊन परतफेड केली.

2000 नंतर चित्र पालटले. डायना टॉरासीच्या काळात 2002, 2003 आणि 2004 अशी लागोपाठ तीन विजेतेपदे आली. 2007 नंतर समिट यांनी यूकॉनशी होणारी वार्षिक लढत थांबवली आणि ती 2020 मध्येच पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात यूकॉनच्या मालिका लांबत गेल्या. 21 डिसेंबर 2010 रोजी फ्लोरिडा स्टेटला 93-62 असे हरवून संघाने सलग 89 वा विजय मिळवला आणि यूसीएलएच्या पुरुष संघाचा, जॉन वुडन यांच्या काळातील 88 विजयांचा विक्रम ओलांडला. वृत्तपत्रांनी तो दिवस साजरा केला. परंतु त्या मालिकेतील कसोटी त्याच वर्षी एप्रिलमध्ये होऊन गेली होती. स्टॅनफर्डविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला यूकॉनच्या खात्यावर अवघे 12 गुण होते, स्टॅनफर्डचे 20. माया मूरने सूत्रे हाती घेतली आणि सामना 53-47 असा निसटता जिंकला गेला. महिलांच्या विक्रमाला पुरुषांच्या विक्रमाचे माप लागल्याखेरीज त्याची बातमी होत नाही, हे मात्र डिसेंबरच्या त्या गाजावाजाने दाखवून दिले. स्टॅनफर्डनेच ही मालिका 90 विजयांवर खंडित केली.

2013 ते 2016 अशी सलग चार विजेतेपदे मिळवणाऱ्या ब्रियाना स्ट्युअर्टच्या संघाबद्दल तर उलटीच तक्रार सुरू झाली. 2016 च्या राष्ट्रीय स्पर्धेत यूकॉनने मिसिसिपी स्टेटचा 98-38 असा, म्हणजे 60 गुणांनी फडशा पाडला, तेव्हा बोस्टनच्या एका क्रीडा स्तंभलेखकाने हा संघ महिला बास्केटबॉलला मारक ठरत असल्याचा सूर लावला. पुरुष संघांच्या वर्चस्वाला पराक्रम म्हणायचे आणि महिलांच्या वर्चस्वाला दोष, हा दुजाभाव त्यात होताच. तथापि तक्रारीच्या मुळाशी एक तथ्यही होते. तुल्यबळ संघ मोजकेच होते, कारण बहुतेक विद्यापीठांनी महिला संघावर खर्च करण्याची गरजच मानली नव्हती.

तक्रारीला उत्तर मिळाले ते वर्षभरानेच. सलग 111 विजय मिळवलेला यूकॉन संघ 31 मार्च 2017 रोजी डॅलस येथे उपांत्य फेरीत त्याच मिसिसिपी स्टेटसमोर उभा होता. जादा वेळेतील अखेरच्या क्षणी मॉर्गन विल्यम या छोट्या चणीच्या खेळाडूने चेंडू बास्केटमध्ये टाकला आणि यूकॉन 66-64 असा हरला. एका वर्षात 60 गुणांची दरी बुजली होती.

त्यानंतर आठ वर्षे विजेतेपदाविना गेली. 2018 मध्ये नोत्र दामने जादा वेळेत हरवले, 2022 च्या अंतिम सामन्यात डॉन स्टेली यांच्या साऊथ कॅरोलिनाने 64-49 अशी मात केली आणि 2024 मध्ये आयोवाविरुद्ध दोन गुण कमी पडले. पेज ब्युकर्स गुडघ्याच्या दुखापतीमुळे संपूर्ण 2022-23 चा हंगाम बाहेर होती. त्यामुळे 6 एप्रिल 2025 रोजी टॅम्पा येथे साऊथ कॅरोलिनावर मिळवलेल्या 82-59 अशा विजयाचे वजन 111 विजयांच्या मालिकेपेक्षा अधिक मानावे लागेल. त्या हंगामात यूकॉन तीनदा हरला होता, त्यातही एकदा टेनेसीकडून. अ‍ॅझी फड आणि पहिल्याच वर्षी खेळणारी सेरा स्ट्राँग यांनी प्रत्येकी 24 गुण मिळवले आणि 12 वे विजेतेपद घरी आले.

या 12 व्या विजेतेपदाचे वेगळेपण आणखी एका बाबतीत आहे. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत संघ जितका पुढे जाईल, तितका पैसा ‘एनसीएए’ ही नियामक संस्था त्याच्या विभागीय संघटनेला 1991 पासून देत आली आहे. एका सामन्याचा हिस्सा सहा वर्षांत सुमारे 20 लाख डॉलरपर्यंत जातो. महिलांच्या स्पर्धेसाठी अशी तरतूदच नव्हती. 2021 मध्ये सॅन अँटोनियो येथे महिला संघांना व्यायामासाठी मोजकी डंबेल्स आणि पुरुषांना सुसज्ज व्यायामशाळा मिळाल्याची चित्रफीत एका खेळाडूने प्रसारित केली, तेव्हा या भेदभावाची रीतसर चौकशी झाली. ‘मार्च मॅडनेस’ हे नाव महिलांच्या स्पर्धेला 2022 पासून वापरता आले. 2024 चा महिलांचा अंतिम सामना सुमारे 1 कोटी 89 लाख प्रेक्षकांनी पाहिला, तर पुरुषांचा 1 कोटी 48 लाखांनी. त्यानंतर, जानेवारी 2025 मध्ये महिलांसाठीही असा निधी मंजूर झाला. त्याची सुरुवात वर्षाला दीड कोटी डॉलरने व्हायची आणि तिसऱ्या वर्षी तो अडीच कोटींपर्यंत जायचा, असे ठरले.

यूकॉनच्या पहिल्या 11 विजेतेपदांना या वाटपातून एक डॉलरही मिळाला नाही. हिशेबात धरले गेलेले पहिले विजेतेपद टॅम्पाचे.