टोलनाके उठले, हिशेब राहिला

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणारा जुना रस्ता आता राजीव गांधी सलई म्हणून ओळखला जातो. मध्य कैलास ते सिरुसेरी हा सुमारे २० किलोमीटरचा सहापदरी मार्ग ऑक्टोबर २००८ मध्ये खुला झाला. त्याच्या दुतर्फा माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि नोकरीनिमित्त गेलेली मराठी कुटुंबेही शोलिंगनल्लूर, नावलूर परिसरात स्थिरावली. रस्त्याचा खर्च टोलमधून वसूल करायचा, हे आरंभीच ठरले होते.

टोलची आखणी झाली तेव्हा हा भाग शहराबाहेर होता. २०११ मध्ये महापालिकेची हद्द १७४ वरून ४२६ चौरस किलोमीटरवर गेली. पेरुंगुडी आणि शोलिंगनल्लूर चेन्नईत आले. नाके मात्र जागचे हलले नाहीत. परगावच्या प्रवाशासाठी असलेला पथकर शहरातल्या शहरात कामावर जाणाऱ्या नागरिकाला रोज भरावा लागू लागला. असंतोष तेथूनच वाढला.

ऑगस्ट २०२१ मध्ये मेट्रोच्या कामाचे कारण देऊन चार नाके बंद करण्यात आले. उरलेला नावलूरचा नाका मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांच्या निर्णयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये उठला. नागरिकांना दिलासा मिळाला, हे योग्यच झाले. परंतु रस्त्याला किती खर्च आला, किती वसूल झाला आणि उरलेला बोजा कोणी उचलायचा, या प्रश्नांवर सार्वजनिक चर्चा फारशी झालीच नाही.

मुंबईतही तेच घडले. उड्डाणपुलांच्या खर्चापोटी शहराच्या पाच प्रवेशद्वारांवर आकारला जाणारा टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना माफ झाला. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होऊन आचारसंहिता लागू झाली. या योगायोगावर भाष्य करण्याची गरज नाही. मात्र कंत्राटाची मुदत संपण्याआधी माफी दिली की कंत्राटदाराच्या भरपाईचा प्रश्न येतो आणि तो भार सरकारी तिजोरीवर पडतो. मोटारवाल्याची सुटलेली रक्कम अखेर गडचिरोलीतील एसटीच्या प्रवाशानेही भरायची असते.

दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांना दिल्ली-नोएडा उड्डाणमार्गाचे उदाहरण परिचित आहे. तेथील टोल राजकीय निर्णयाने थांबला नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये तो रोखला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय कायम केला. करारात २० टक्के परताव्याची हमी होती; परतावा कमी पडला की तूट मूळ खर्चात मिळवली जाई. साहजिकच वाहने वाढत गेली, तरी वसुलीचा आकडा फुगतच राहिला. या प्रकल्पाची प्रवर्तक आयएल अँड एफएस हीच संस्था चेन्नईच्या रस्त्यामागील कंपनीच्या स्थापनेतही तमिळनाडू सरकारच्या महामंडळाची भागीदार होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. दोन्ही करार एकसारखे होते असा याचा अर्थ नव्हे. परंतु खासगी भांडवलावर रस्ते बांधण्याची ती एकच विचारसरणी होती.

टोल ही कल्पना मुळात अन्यायकारक नाही. जो वापरतो त्याने खर्च द्यावा, हे तत्त्व मान्य होण्यासारखे आहे. मात्र खर्च भरून निघताच वसुली थांबेल, हा त्याचा दुसरा भाग करारात स्पष्ट लिहिला गेला पाहिजे. प्रकल्पाचा खर्च, आजवरची वसुली आणि शिल्लक हे तीन आकडे प्रत्येक नाक्यावर आणि विधिमंडळापुढे दरवर्षी मांडले गेले पाहिजेत. शहराची हद्द वाढली की नाक्याच्या जागेचा आणि स्थानिकांच्या सवलतीचा फेरविचार आपोआप झाला पाहिजे. हे नियम नसतील तोवर टोल कधी सुरू व्हावा हे वित्तीय संस्था ठरवतील आणि कधी बंद व्हावा हे निवडणुकीचे वेळापत्रक. चेन्नईच्या रिकाम्या नाक्यांनी प्रशासनाला एवढा धडा दिला तरी पुरे.