शुक्रवारची मेल

शुक्रवारी दुपारी आलेली मेल कोणी नीट वाचतं का? मी तरी नाही. ‘सीसी’त नाव असलं की डिलीट, नाहीतर सोमवारी बघू! पण ३१ जानेवारी २००३ च्या शुक्रवारी इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला २८ वर्षांच्या एका मुलीनं अशीच एक मेल वाचली आणि तिच्या करिअरचे पार बारा वाजले.

कॅथरीन गन. जीसीएचक्यू या ब्रिटिश हेरखात्यात मँडरिनची अनुवादक. जेम्स बाँडगिरी वगैरे काही नाही, आपल्यासारखीच डेस्कवाली. मेल अमेरिकेच्या एनएसएकडून आली होती. इराकवरच्या हल्ल्याला युनोचा शिक्का हवा होता. सुरक्षा परिषदेत सभासद १५, ठरावाला मतं लागतात ९, आणि तेवढी काही जमत नव्हती. मग अंगोला, कॅमेरून, चिली, बल्गेरिया, गिनी आणि पाकिस्तान या कुंपणावरच्या मंडळींचे फोन ऐका, मेल वाचा. ऑफिसातल्याच नव्हे, घरच्यासुद्धा! अशी ती ‘विनंती’.

तिनं चक्क प्रिंट काढली आणि पर्समध्ये टाकली. ओळखीतून ती ‘ऑब्झर्व्हर’कडे पोचली, २ मार्चला छापून आली. गंमत म्हणजे पेपरातल्या कुणीतरी सवयीनं अमेरिकन स्पेलिंगं ब्रिटिश करून टाकली, त्यामुळे मेलच बोगस आहे अशी बोंब उठली.

ऑफिसात एकेकाची चौकशी सुरू झाली. कॅथरीन आधी ‘मी नाही’ म्हणाली. मग सहकाऱ्यांवर संशय घेतला जातोय हे तिला बघवेना. त्याच आठवड्यात ती बॉससमोर जाऊन म्हणाली, मीच केलं. एक रात्र पोलिस कोठडी, नोकरी गेली, वर ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली खटला. (आपल्याकडेही याच नावाचा कायदा आहे, १९२३ चा. अजून ठणठणीत.)

तिच्या वकिलांनी मागणी केली, युद्ध कायदेशीर आहे का यावर सरकारला मिळालेला सल्ला दाखवा. २५ फेब्रुवारी २००४ ला सरकारी पक्षानं कोर्टात पुरावाच दिला नाही. अर्ध्या तासात ती मोकळी! तो कागद दाखवण्यापेक्षा तिला सोडणं सरकारला परवडलं, असं मला तरी वाटतं.

युद्ध मात्र थांबलं नाही. ठराव मताला न टाकताच २० मार्च २००३ ला बाँब पडायला लागले होते.

परवा यावरचा ‘ऑफिशियल सिक्रेट्स’ हा २०१९ चा सिनेमा बघताना बायकोनं विचारलं, “तू काढली असतीस प्रिंट?”

मी म्हटलं, “ईएमआय कोण भरणार?” ती हसली. मी नाही हसलो. एका जुन्या नोकरीत क्लायंटला दाखवायची एक्सेल शीट वेगळी होती आणि खरी वेगळी. दोन्ही माझ्या स्क्रीनवर उघड्या होत्या. मी दोन्ही बंद केल्या, कॉफी प्यायलो आणि सहा-बावीसची फास्ट पकडली. शुक्रवारच होता बहुतेक.

हे तिला अजून सांगितलेलं नाही. आता इथेच वाचेल.