ये अपने लोगों का काम नहीं?

मागच्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, आता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. म्हणाली, "सर, आम्ही चौघीजणी आयजेमची टीम करायचं म्हणतोय. पण अब्बा म्हणतात, ये अपने लोगों का काम नहीं."

तिचे अब्बा भला माणूस आहे. पण हे वाक्य मी शिक्षक झाल्यापासून ऐकतोय. आज त्याचं उत्तर देतो.

आधी आयजेम म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेतल्या एमआयटीत २००३ साली विद्यार्थ्यांचा एक छोटा अभ्यासवर्ग झाला. २००४ मध्ये त्याची पाच टीमची स्पर्धा झाली. आता जगभरातून चारशेच्या घरात टीम उतरतात आणि शेवटचा मेळावा पॅरिसला भरतो. पदवीची पोरं समाजातला एखादा प्रश्न निवडतात आणि जीवाणू किंवा यीस्टच्या डीएनएत बदल करून त्यावर उपाय शोधतात. या विद्येला सिंथेटिक बायोलॉजी म्हणतात. पुण्याच्या आयसरची आणि मुंबईच्या आयसीटीची पोरं या स्पर्धेत उतरली आहेत.

पहिला आक्षेप मशिदीबाहेरच्या बाकावर ऐकला: हा अल्लाहच्या निर्मितीत हस्तक्षेप आहे. ज्या चाचांनी तो घेतला, ते रोज इन्सुलिन टोचून घेतात. पूर्वी इन्सुलिन गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्सुलिनचा जीन जीवाणूत घालून ते तयार केलं आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ज्या विद्येने डुकराचा प्रश्न मिटवला, तिच्याकडेच पाठ फिरवायची? बदललेला जीवाणू बाहेर सुटला तर काय, ही भीती मात्र रास्त आहे. म्हणूनच असा जीवाणू प्रयोगशाळेबाहेर सोडायला आयजेमच्या नियमात बंदी आहे. हा प्रश्न आपल्या पोरींनीही टीममध्ये बसून विचारावा.

दुसरा आक्षेप: उर्दू माध्यमाच्या पोरांना हे कसं झेपणार? या टीममध्ये प्रयोग करणारे लागतात, गणितवाले लागतात, वेबसाइट बनवणारे लागतात. शिवाय लोकांत जाऊन त्यांची अडचण समजून घेणारेही लागतात आणि त्या कामाचंही परीक्षण होतं. आमच्या भागात उसाला पाणी देऊन देऊन चोपण झालेल्या जमिनी आहेत, साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांचं सांडपाणी आहे. शेतकऱ्याशी मराठीत आणि मोहल्ल्यातल्या बायकांशी त्यांच्या बोलीत बोलणारी मुलगी टीमसाठी ओझं नाही, ती टीमची गरज आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. नुसती नोंदणीच हजारो डॉलरची. तालुक्याच्या एका कॉलेजला हे एकट्याने पेलणार नाही. पण दोन-तीन कॉलेजं एकत्र आली, कारखान्यांकडे आणि मोठ्या संस्थांकडे मदत मागितली, तर निदान सुरुवात होते. पहिल्या वर्षी पॅरिस नको. विषय निवडू, प्राध्यापक शोधू, एखादी प्रयोगशाळा बघून येऊ.

त्यासाठी पैसा कुठून आणायचा? दरवर्षी दहावी-बारावीच्या सत्काराला शाली, ट्रॉफ्या आणि फ्लेक्सवर जो खर्च होतो, तिथून. त्या व्यासपीठावरून आपण इब्न सिना आणि जाबिर इब्न हय्यान यांचे गोडवे गातो आणि समोर बसलेल्या पोरीचं बारावीनंतर काय झालं ते विचारत नाही. विशीच्या पुढच्या मुसलमानांत पदवी-पदविका झालेले चार टक्केही नाहीत, असं सच्चर समितीने २००६ मध्ये लिहिलं. तो अहवाल आपण सरकारला खूप वेळा दाखवला. एकदा स्वतःच्या बैठकीतही वाचायला हवा.

१ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याची ठिणगी पुणतांब्यात पडली होती. मुंबईतून कुणी सांगावं, म्हणून गाव थांबलं नव्हतं.

या जुम्म्याच्या नमाजनंतर मी त्या मुलीच्या अब्बांना भेटणार आहे. त्यांना एवढंच विचारेन: अपने लोगों का काम कौन सा है, भाईजान, आणि ते ठरवलं कुणी?