दिवा घालवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

महाडहून रायगड किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे गाव लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली याच गावी झाला. हिशेबात चोख असणाऱ्या माणसाचे हे गाव. तेव्हा येथील गाडीवाल्यांशी आणि गॅरेजवाल्यांशी आज आपणही एका हिशेबाविषयी बोलू.

महाड-पोलादपूरचा भाग समुद्रापासून आत आणि डोंगरांनी वेढलेला. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत येथे उष्मा फार होतो. लग्नसराई, मुंबईहून येणारे चाकरमानी आणि किल्ल्याचे पर्यटक यांची गर्दीही याच दिवसांत असते. गाडी तासन्‌तास उन्हात उभी राहते, मग एसी लावून घाट चढते. अशातच एखाद्या सकाळी मीटरवर एबीएसचा किंवा एअरबॅगचा दिवा लागतो आणि विझतच नाही. गाडीवाला गॅरेज गाठतो आणि म्हणतो, "उस्ताद, तेवढा दिवा घालवून द्या. भाडे खोळंबले आहे."

येथेच कारागिराची खरी परीक्षा असते. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली. २०२१ च्या अखेरीपासून चालकाशेजारच्या आसनासाठीही ती सक्तीची आहे. याच गाड्या आता जुन्या बाजारातून आपल्या गावांत येत आहेत. तेव्हा हे दिवे केवळ श्रीमंतांच्या गाड्यांचे राहिलेले नाहीत.

असा दिवा लागला की प्रथम बॅटरी पाहावी. हे सेन्सर आणि त्यांचे कंट्रोल युनिट ठराविक व्होल्टेजवर चालतात. सेल्फ मारताना बॅटरी फार खाली गेली, तर कंट्रोल युनिट गोंधळते आणि सेन्सर धड असूनही दोष दाखवते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की आतील रासायनिक झीज साधारण दुप्पट होते. पाणी उडते, प्लेटा गंजतात. आखातात गाड्यांवर काम करून आलेल्या आपल्या बांधवांना हे वेगळे सांगायला नको. तेथे बॅटरी किती लवकर दम तोडते, ते त्यांनी पाहिले आहे.

तपासणीला मोठी यंत्रणा लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवीत असेल, तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी उतरलेली. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. तसे नसेल तर अल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट पाहावा. जुन्या पद्धतीच्या बॅटरीत उन्हाळ्यात महिन्याला एकदा पाणी पाहावे आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी नको आणि वरून आम्ल तर मुळीच नको. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावी, पुसून घट्ट आवळावे आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. तारा काढताना आधी निगेटिव्ह काढावी आणि बसवताना ती शेवटी बसवावी.

बॅटरी ठीक असूनही दिवा राहिला, तर मात्र स्कॅनर लावून कारण शोधलेच पाहिजे. एअरबॅगचा दिवा लागलेला असताना अपघात झाला, तर ती पिशवी उघडेलच याचा भरवसा नसतो. एक सावधगिरी कारागीर बंधूंनी पाळावी. एअरबॅगच्या पिवळ्या सॉकेटला टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर कधी लावू नये, कारण तेवढ्यानेही ती फुटू शकते.

काही ठिकाणी दिव्याची तार तोडतात किंवा ती दुसऱ्या दिव्याला जोडून देतात. आमच्या मते ही दुरुस्ती नव्हे, ही फसवणूक आहे. अशी गाडी पुढे विकली जाते आणि घेणाऱ्याला पत्ता लागत नाही. जुनी गाडी घेताना चावी फिरवून मीटर नीट पाहावे. एअरबॅगचा दिवा आधी लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर सौदा थांबवावा.

दिवा न लागताही धोका असू शकतो, याचे मोठे उदाहरण जपानच्या ताकाता कंपनीचे आहे. तिच्या एअरबॅगमधील स्फोटक द्रव्य वर्षानुवर्षांच्या उष्ण, दमट हवेने बिघडले. अपघातात पिशवी फुगताना धातूचे तुकडे उडून माणसे दगावली. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि २०१७ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कोकणची हवा उष्ण आणि दमटच. म्हणून जुन्या गाडीचा चॅसी नंबर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे देऊन तपासून घ्यावा. परत बोलावलेल्या गाडीचे हे काम फुकट होते.

आता हिशेब. बॅटरी वेळेवर बदलली तर काही हजार रुपये जातात. ती काशेडी किंवा वरंध घाटात बसली तर भाडे जाते, गिऱ्हाईक जाते आणि टोचनचा खर्च वेगळा. ग्राहक म्हणतो, "नुसते बघायचे कसले पैसे?" ही सवय सोडली पाहिजे. कारण शोधणे हेही कामच आहे आणि त्याची मजुरी दिलीच पाहिजे. गॅरेजवाल्यांनीही एकट्याला परवडत नसेल, तर दोघातिघांत मिळून एक चांगला स्कॅनर घ्यावा. काय सापडले, ते बिलावर लिहून द्यावे. पाच मिनिटांत दिवा घालवणाऱ्याकडे गिऱ्हाईक एकदा येते. दिवा का लागला हे समजावून सांगणाऱ्याकडे ते पुन्हा येते आणि चार जणांना घेऊन येते.