कोपऱ्यावरचे दुकान

शहरात एकट्याने राहणाऱ्या तरुण-तरुणींच्या प्रेमाची विनोदी कथा सांगणारे चित्रपट आता आपल्या घरांतही आवडीने पाहिले जातात. वडीलधाऱ्यांना त्यांत थिल्लरपणा दिसतो, आणि पुष्कळदा तो असतोही. तथापि या प्रकारातला १९४० सालचा एक अमेरिकी चित्रपट व्यापारी कुटुंबाने तीन पिढ्यांसह एकत्र बसून पाहावा असा आहे. ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’, म्हणजे कोपऱ्यावरचे दुकान, हे त्याचे नाव.

त्याचा दिग्दर्शक अर्न्स्ट लुबित्श हा बर्लिनमधील एका कापडचोपडाच्या व्यावसायिकाचा मुलगा. तरुणपणी त्याने वडिलांच्या दुकानात हिशेबाच्या वह्या लिहिल्या होत्या. पडद्यावरचे दुकान इतके खरे वाटते, त्याचे मूळ कदाचित तेथेच असावे.

कथा घडते बुडापेस्ट शहरात, मातुशेक नावाच्या मालकाच्या दुकानात. माल चामड्याचा आहे, हे आपल्या वाचकांना खटकेल. पण दुकानाची रीत मात्र ओळखीची वाटेल. मालकाला एक वाद्यपेटी पसंत पडते. सिगारेटसाठी केलेली ती पेटी उघडली की एक सूर वाजतो. आल्फ्रेड क्रालिक हा जुना विक्रेता स्पष्ट सांगतो, की हा माल विकला जाणार नाही. तेवढ्यात क्लारा नोवाक ही तरुणी नोकरी मागायला येते आणि तीच पेटी गोळ्या-चॉकलेटची म्हणून एका गिऱ्हाइकाला विकून दाखवते. तिला नोकरी मिळते. क्रालिकशी मात्र तेव्हापासून वैर जडते. पुढे उरलेल्या पेट्या भाव उतरवून विक्रीस मांडाव्या लागतात, तेव्हा कोण बरोबर होते हे व्यापारी वाचकाला सांगावे लागत नाही.

दिवसभर भांडणारी ही दोघे रात्री एका अनोळखी मित्राला पत्र लिहीत असतात. तो मित्र दुसरा-तिसरा कोणी नसून समोरच्या गल्ल्यापाशी उभा असलेला सहकारीच आहे, याचा दोघांनाही पत्ता नसतो. भेटीची खूण ठरते ती पुस्तकात ठेवलेल्या लाल कार्नेशन फुलाची. क्रालिकला सत्य आधी उमगते, क्लाराला अखेरीस. त्या शेवटच्या प्रसंगी, त्याचे पाय वाकडे तर नाहीत ना, याची खात्री करून घेण्यासाठी ती त्याला विजार वर धरायला लावते, तेव्हा हसू आवरत नाही.

याच कथेवरून १९९८ साली ‘यू हॅव गॉट मेल’ हा चित्रपट निघाला. तेथे पत्रांच्या जागी ई-मेल आले. नायिकेचे आईकडून चालत आलेले छोटे पुस्तकांचे दुकान नायकाच्या घराण्याच्या प्रचंड दुकानापुढे बंद पडते. माध्यम बदलले, बाजार बदलला. कथेचे मर्म बदलले नाही. पत्रात माणूस आपली उत्तम बाजू मांडतो आणि कामाच्या धबडग्यात त्याची उरलेली बाजू दिसते. दोन्ही त्याच्याच. परिचय मेळाव्यात हातात पडणाऱ्या बायोडाटाची गोष्ट याहून वेगळी नाही. शिक्षण, उत्पन्न, सदनिका हे सारे त्यात नीट लिहिलेले असते. परंतु गिऱ्हाइक माल परत घेऊन आले असता मुलगा कसा बोलतो, नोकराची चूक मुलगी कशी सांगते, याचा रकाना त्यात नसतो. तो रकाना सहवासानेच भरतो. म्हणून मुलांनी ‘आणखी दोनदा भेटू द्या’ म्हटले, तर त्यात घराण्याची अप्रतिष्ठा मानण्याचे कारण नाही. हुंडी स्वीकारण्यापूर्वी चौकशी करणारे आपण, आयुष्याच्या व्यवहारात एवढी घाई का करतो?

चित्रपटाचा खरा ठेवा मात्र प्रेमकथेबाहेर आहे. पत्नीवरील संशयापोटी मातुशेक निर्दोष क्रालिकला कामावरून काढतो. अपराधी भलताच निघाल्यावर खचलेला हा मालक जीव द्यायला निघतो. दुकानातला पोऱ्या त्याला वाचवतो. मग इस्पितळाच्या खाटेवरून तो क्रालिकपुढे आपली चूक मान्य करतो आणि दुकान त्याच्या हाती सोपवतो. मालकाने नोकराची क्षमा मागणे किती कठीण असते, हे दरवर्षी क्षमापना करणाऱ्या आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

नाताळच्या आदल्या रात्री विक्री उत्तम होते. दुकान बंद होते, जो तो आपापल्या घरी निघतो. मालकाला घरी वाट पाहणारे कोणी उरलेले नाही. बर्फात उभा असलेला मातुशेक एकेकाला विचारतो. प्रत्येकाचे जेवणाचे ठिकाण ठरलेले असते. शेवटी उरतो रूडी हा नवा पोऱ्या, ज्याचे या शहरात कोणीच नाही. मालक त्याला जेवायला घेऊन जातो.

आपल्या पेढीवर गावाहून आलेला असा एखादा मुलगा असेल. आपलाही एखादा मुलगा पुण्या-मुंबईत कोठेतरी एकटा जेवत असेल. येत्या दिवाळीत दुकानाचे दार ओढून घेताना पहिल्याला एवढेच विचारावे, की आज तुझे जेवण कोठे आहे? दुसऱ्याला कोणीतरी विचारील, हा विश्वास त्यातूनच येतो.