विक्री वाढली, मग नफा का घटला?

कोपरीतल्या ग्राहकाला स्पोर्ट्स शूजवरचा सेल गोड वाटतो. भागधारकाला मात्र त्यामागचे गोदाम दिसायला हवे. मुंबईच्या मेट्रो ब्रँड्सने डिसेंबर २०२२ मध्ये क्रॅव्हाटेक्स ब्रँड्स ताब्यात घेतली. भारतातल्या ‘फिला’ व्यवसायासोबत जुन्या मालाचा ढीगही आला आणि तो सवलतीत विकताना तोटा सोसावा लागला.

२०२३-२४ मध्ये महसूल सुमारे २,३५७ कोटी रुपये, निव्वळ नफा ४१५ कोटी. पुढच्या वर्षी महसूल २,५०७ कोटींवर गेला, नफा मात्र ३५४ कोटींवर आला. दुकाने ओस पडली होती का? तसे नाही. मार्च २०२४ च्या तिमाहीत कराच्या एकरकमी नोंदीने नफा फुगला होता. म्हणून तुलना करायची ती करपूर्व नफ्याची आणि शिल्लक मालाची.